गढ्याची कुळे

जबलपूर शहरात आता सामावून गेलेल्या गढ्याच्या टेकडीवर, एका प्रचंड शिळेच्या माथ्यावर, मदनमहालाची लहानशी वास्तू आजही उभी आहे. गढा ही गोंड राजसत्तेची जुनी राजधानी. येथील राजा संग्रामशाहाच्या नावावर परंपरा बावन्न गढ सांगते. राणी दुर्गावती 1564 साली मोगल सरदार आसफखानाच्या फौजेशी झुंजत धारातीर्थी पडली ती याच राज्यासाठी. आणि पुढे राजा हृदयशाहाने 1667 साली रामनगरच्या शिलालेखात यादवरायापासूनची आपली वंशावळ संस्कृतात कोरवून घेतली. पण ही झाली राजांची वंशावळ. प्रजेची वंशावळ कोणत्याही शिळेवर नाही, ती देवांच्या संख्येत आहे.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मडावी, टेकाम, उईके ही नावे आडनावे म्हणून परिचित आहेत. पण गोंडांच्या सोयरिकीत आडनावामागचा देवांचा आकडा मोलाचा. कोणी चार देवांचा, कोणी पाच, सहा वा सात देवांचा. ज्यांचे देव समान ते भाऊभाऊ, मग नावे कितीही निराळी असोत, त्यांच्यात विवाहसंबंध निषिद्ध. आपण सगा म्हणतो तो रक्ताचा; गोंडांचा सगा म्हणजे जेथे मुलगी देता-घेता येते तो. ही व्यवस्था गोंडांचा आद्यगुरू पहांदी कुपार लिंगो याने घालून दिली, अशी श्रद्धा असून, तिच्या स्मरणार्थ गोंदिया जिल्ह्यातील कचारगडच्या गुहेपाशी माघ पौर्णिमेला यात्रा भरते. आडनावांपैकी काही झाडांवरून आलेली: मरका म्हणजे आंबा, त्यावरून मरकाम; टेका म्हणजे साग, त्यावरून टेकाम.

येथे सहजच स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाची आठवण होते. तेथील गेलिक भाषेत ‘क्लान’ म्हणजे लेकरे, आणि भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचे मूळ लॅटिनमधील रोप, अंकुर या अर्थाच्या शब्दाशी नेऊन भिडवतात. क्लानच्या नायकाच्या हाताखाली त्याचे आप्त मोठमोठे जमीनपट्टे खंडाने घेत, ते रयतेस पोटखंडाने लावीत आणि प्रसंग पडताच हीच रयत हत्यारबंद करून रणात उभी करीत. रक्ताचा संबंध नसलेली कुटुंबेही आश्रयासाठी नायकाचे नाव लावीत. 1746 साली कलोडनच्या रणात हा मुलूख पराभूत झाला, 1747 च्या कायद्याने नायकांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार गेले, आणि बाप म्हणून ज्याच्याकडे पाहावे तोच हळूहळू निव्वळ जमीनदार होऊन मेंढ्यांच्या कुरणांसाठी माणसे हुसकावू लागला. आपल्या भाषेत कूळ म्हणजे वंश आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाराही. त्या डोंगरांत पहिल्या अर्थाचे कूळ केवळ दुसऱ्या अर्थाचे होऊन बसले.

गढ्याचे राज्यही गेले. 1781 साली ते सागरच्या मराठ्यांनी, म्हणजे आपल्याच माणसांनी, घेतले, हे आपण विसरू नये. आणि 18 सप्टेंबर 1857 रोजी त्या वंशातील शंकरशाह व त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना इंग्रजांनी जबलपुरात तोफेच्या तोंडी दिले. तरी कुळे मोडली नाहीत, कारण त्यांची गाठ राजाच्या जमिनीशी बांधलेली नव्हती, देवाशी आणि सोयरिकीशी होती.

ती गाठ राखणारा मनुष्य म्हणजे परधान. ठराविक वर्षांनी तो आपल्या गोंड यजमानाच्या अंगणात येतो, तीन तारांचा बाना मांडीशी टेकवून गज फिरवतो आणि कुळाचे देव व राजांच्या कथा गाऊ लागतो. त्या वाद्यातच गोंडांच्या थोर देवाचा, बडादेवाचा, वास आहे अशी त्याची भावना असल्याने, ते तो खाली ठेवतो तेही जपून. आपल्या शामराव हिवाळ्यांनी मंडला जिल्ह्यात अनेक वर्षे राहून या परधानांवर 1946 साली एक संपूर्ण ग्रंथ लिहिला, पण तो इंग्रजीत. मराठीत तो यावा, असे मला फार वाटते.

वाचकांस एवढीच विनंती, की कोणी मडावी वा टेकाम भेटला, तर केवळ आडनावावर न थांबता, आपण किती देवांचे, हे आदराने विचारावे, आणि उत्तर ऐकावयास सवड काढावी.