श्रुतपंचमी आणि कुलूप लावलेलं कपाट



ज्येष्ठ शुद्ध पंचमी जवळ आली की माझ्या सासूबाई देवघराशेजारचं लाकडी कपाट उघडायच्या. सगळ्या पोथ्या बाहेर काढून सावलीत चटईवर मांडायच्या. वेष्टनं सोडून धुवायला टाकायची, पानं मऊ फडक्यानं हलक्या हातानं झाडायची, वेखंडाच्या नव्या पुरचुंड्या करायच्या आणि मग एकेक पोथी मोजून परत आत ठेवायची. आम्हा सुनांना कंटाळा यायचा. मी कॉमर्सची पदवीधर, म्हणून एकदा थट्टेनं म्हटलं, "आई, हे तुमचं वर्षाचं स्टॉक टेकिंगच की!" त्या म्हणाल्या, "मोजल्याशिवाय घरात काय आहे ते कळणार कसं गं?"

त्या गेल्यावर मी त्या कपाटाला कुलूप लावलं. त्यांची आठवण म्हणून कुणी हात लावू नये, एवढीच इच्छा होती. आठ वर्षं ते तसंच राहिलं. गेल्या वर्षी घराला रंग द्यायचा म्हणून उघडलं, तर मागच्या भिंतीतून वाळवी आत शिरलेली. छापील पुस्तकं काय, पुन्हा मिळतील. पण सासूबाईंची एक वही होती. तिच्यात त्यांच्या हातानं लिहिलेल्या ओव्या होत्या, व्रतांच्या उद्यापनाच्या तिथी होत्या, घरातल्या मुलांच्या जन्मवेळा होत्या. तिचे दोन पुठ्ठे आणि कडेची थोडी पानं हाताला लागली. मधलं सगळं माती. शिवाय फवारणी करावी लागली, ती वेगळीच हिंसा. पावसाआधी कपाट उघडून कोरडं केलं असतं तर ते जीव तिथं झालेच नसते.

तेव्हापासून मूडबिद्रीची गोष्ट मला वेगळीच दिसायला लागली आहे.

श्रुतपंचमी आपण का पाळतो हे आपल्याला ठाऊक आहे. गिरनारच्या चंद्रगुफेत धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना आगमाचं ज्ञान दिलं. पाठांतरावर टिकलेलं हे ज्ञान आपल्याबरोबर संपेल, ही त्यांना काळजी होती. त्यातून षट्खंडागम लिहिला गेला आणि तो पूर्ण झाल्यावर संघानं या तिथीला त्याची पूजा केली, अशी परंपरा आहे. म्हणजे हा सण ज्ञान बाहेर काढून लिहून ठेवण्याचा आहे.

पुढे काय झालं? या ग्रंथावरची वीरसेनाचार्यांची धवला टीका, जयधवला आणि महाधवला यांच्या ताडपत्रावरच्या जुन्या प्रती कर्नाटकात मूडबिद्रीच्या बसदीत उरल्या. भाषा प्राकृत-संस्कृत, लिपी जुनी कानडी. एकट्या धवलेचा विस्तार 72,000 श्लोकांएवढा. यात्रेकरू जायचे, रत्नांच्या मूर्तींबरोबर सिद्धांताचंही दर्शन घ्यायचे, नमस्कार करायचे आणि परत यायचे. वाचणारं कुणी नव्हतं. पानं मात्र झिजत होती, तुटत होती.

1883 साली मुंबईचे शेठ माणिकचंद पानाचंद यात्रेला गेले. ताडपत्रांची अवस्था पाहून त्यांना चैन पडेना. त्यांनी सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंद दोशींना ही गोष्ट सांगितली. दोघांच्या प्रयत्नानं 1896 साली नक्कल करायला सुरुवात झाली आणि ते काम थेट 1922 पर्यंत चाललं. सव्वीस वर्षं! पण नकलासुद्धा मूडबिद्रीच्या बाहेर न्यायच्या नाहीत, असा दंडक होता. राखणाऱ्यांना आपण नावं ठेवू नयेत. बाहेर गेलेली पोथी परत येत नाही, ही त्यांची भीती काही खोटी नव्हती. शतकानुशतकं त्यांनी जपलं म्हणून तर ग्रंथ उरला.

नक्कल करणाऱ्यांत मिरजेचे गजपती उपाध्याय होते. त्यांनी गुपचूप कानडीत आणखी एक प्रत केली आणि त्या कामात त्यांना साथ दिली त्यांच्या पत्नीनं, लक्ष्मीबाईंनी. मैत्रिणींनो, हे नाव लक्षात ठेवा. आज आपल्या मंदिरात धवलेचे खंड आहेत, त्यामागे या बाईंचा हात आहे. ती प्रत घेणं शेठजींना योग्य वाटलं नाही. शेवटी ती उत्तरेत सहारनपूरला गेली. तिथं तिची नागरी प्रत झाली. ती करणाऱ्या पंडितांनी स्वतःसाठी आणखी एक ठेवून घेतली आणि तिच्यावरून प्रती पसरत पसरत आपल्या विदर्भात कारंजा, अमरावतीपर्यंत पोचल्या.

अमरावतीला प्राध्यापक असलेल्या डॉ. हिरालाल जैन यांनी 1939 साली धवलेचा पहिला खंड छापला. पुढे एकूण सोळा खंड झाले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले डॉ. आ. ने. उपाध्ये यांचंही त्यांना साहाय्य होतं. छापील ग्रंथ पाहिल्यावर मूडबिद्रीकरांचंही मन वळलं आणि मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहायला त्यांनी मदत केली.

ती ताडणी किती गरजेची होती, ते 93 व्या सूत्रावरून कळतं. हे सूत्र मनुष्यिणींविषयी आहे, म्हणजे तुमच्या-माझ्याविषयी म्हणा. हाती असलेल्या प्रतींत तिथं 'संजद', म्हणजे संयत, हा शब्द नव्हता. अर्थ पाहता तो हवा, असं संपादकांना वाटलं आणि त्यांनी तशी टीप दिली. त्यावरून समाजात मोठा वाद झाला. अखेर मूडबिद्रीची ताडपत्रं उघडून पाहिली, तर शब्द तिथं होता. त्याचा अर्थ कसा लावायचा यावर पंडितांत मतभेद आहेत; त्यात मी पडत नाही. पण नकलांमागून नकला होताना गळलेला एक शब्द मूळ पान उघडल्यावर सापडला. ते पान वाळवीनं खाल्लं असतं तर?

लक्ष्मीबाईंनी केलं ते चोरी का, असं माझ्या नातीनं विचारलं. अचौर्य व्रत पाळणाऱ्या घरात हा प्रश्न सोपा नाही. मी तिला म्हटलं, दंडक मोडला हे खरं आहे आणि ग्रंथ वाचला हेही खरं आहे. दाराला कुलूप नसतं तर त्या दोघांना लपून लिहावं लागलं नसतं.

यंदा मी पंचमीच्या आधीच कपाट रिकामं केलं. जिनवाणी-संग्रहाच्या पाच सारख्या प्रती निघाल्या. एक ठेवली, चार मंदिरातल्या स्वाध्यायाला दिल्या. जुन्या लग्नपत्रिका, कॅलेंडरं, फाटकी बिलं पोथ्यांच्या फडताळात कशाला होती, कोण जाणे, ती काढली. हस्तलिखितं दोन निघाली. मुलाकडून प्रत्येक पानाचे फोटो काढून घेतले आणि कशात काय आहे याची यादी करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं. वेखंड आणि वाळवलेला कडुनिंबाचा पाला ठेवला. सासूबाईंच्या वहीची उरलेली पानं नव्या वेष्टनात आहेत. त्यांतल्या दोन ओव्या मला पाठ होत्या, त्या मी कोऱ्या वहीत उतरवल्या. नणंदेला फोन केला, तिला आणखी तीन आठवल्या.

तुमच्याकडेही असं एखादं कपाट किंवा ट्रंक असेलच. पाऊस लागायच्या आत एकदा उघडा. आणि सासूबाई, आई, आत्या अजून जवळ असतील तर त्यांना शेजारी बसवून उघडा.