नासाकची वंशावळ

नाशिक म्हटलं की लोकांना द्राक्षं, चिवडा आणि कुंभमेळा आठवतो. (हल्ली वाइनही, पण ते असो.) जगातल्या नावाजलेल्या हिऱ्यांपैकी एका हिऱ्याला आपल्या गावाचं नाव आहे, हे मात्र खुद्द नाशकातही फारसं कुणाला ठाऊक नसतं. 'नासाक' हा तो हिरा. नाव इंग्रजांनी लावलं. नाशिकचा उच्चार त्यांच्या तोंडी असाच काहीसा होई. हिरा मात्र आपल्या त्र्यंबकेश्वराचा, महादेवाच्या पायाशी असलेला, असं सांगतात.

१८१८ साली पेशवाई बुडाली. नाशिक इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि पेशव्यांच्या जडजवाहिरासोबत हा हिराही गेला. जॉन ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्यानं तो गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जकडे पोचवला, तिथून तो लंडनला. रंडेल अँड ब्रिज या राजघराण्याच्या जवाहिऱ्यांनी तो सुमारे ३,००० पौंडांना घेतला असं म्हणतात. तेव्हा त्याचं वजन होतं जवळपास ९० कॅरट. आपल्या कारागिरांनी पाडलेले पैलू त्यांना पसंत पडले नाहीत. त्यांनी ते पुन्हा पाडून घेतले आणि हिरा ८० कॅरटांवर आला. १८३७ मध्ये लिलावात तो मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टरनं ७,२०० पौंडांना घेतला आणि म्हणे तलवारीच्या मुठीत बसवला! महादेवाचा हिरा कुणा सरदाराच्या तलवारीत. पुढे तो पॅरिसला, न्यूयॉर्कला गेला. अमेरिकेत तर त्याच्यावर खटलाही चालला. प्राचीन कलावस्तू म्हणून हिऱ्याला जकात माफ करायची, की दागिन्यात बसवायचा साधा पैलूदार खडा म्हणून ती लावायची? खडाच, असा निकाल लागला. मग हॅरी विन्स्टन या न्यूयॉर्कच्या जवाहिऱ्यानं त्याला पुन्हा पैलू पाडले. आता तो ४३.३८ कॅरटांचा आहे. म्हणजे त्र्यंबकहून निघालेल्या हिऱ्यातला निम्म्याहून अधिक भाग लंडन आणि न्यूयॉर्कच्या सहाणेवर भुकटी होऊन गेला.

हे सगळं वाचताना मला एक गोष्ट फार खटकली. १८१८ नंतरच्या जवळजवळ प्रत्येक मालकाचं नाव सापडतं. दख्खनच्या लुटीत कुठल्या फौजेचा किती वाटा, यावर इंग्रजांमध्ये वर्षानुवर्षं वाद चालला. ड्यूक ऑफ वेलिंग्टनसारखा माणूस त्यात विश्वस्त होता. लुटणाऱ्याच्या वाट्याचा हिशेब इतका चोख! आणि ज्यानं मातीतून हा दगड वर काढला त्याचं नाव, गाव, मजुरी, काहीच नाही. हिरा गोवळकोंड्याकडच्या खाणींमधला मानतात, यापलीकडे वंशावळ जात नाही.

त्या खाणींवर माणसं कशी राबत, हे मात्र कळतं. तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात तिकडे हिंडला होता. कृष्णेकाठच्या कोल्लूरच्या खाणीवर बाया-मुलं धरून ६०,००० माणसं कामाला होती, असं तो लिहितो. दुसऱ्या एका खाणीवर, रावळकोंड्याला, कसलेल्या मजुरालाही वर्षाला तीन होनच मिळत. पन्नास मजुरांवर बारा-पंधरा राखणदार. मोठा हिरा सापडला तर बक्षीस काय? पागोट्याचं कापड, वर अर्धा-एक होन, थोडे तांदूळ आणि ताटभर साखर.

ताटभर साखर! मी ते वाक्य दोनदा वाचलं.

आता तुम्ही म्हणाल, झाली ती तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. पण गेल्या वर्षी भाचीच्या साखरपुड्याची अंगठी घ्यायला आम्ही सराफ बाजारात गेलो, तेव्हा मी आपलं सहज विचारलं, "हा हिरा कुठल्या खाणीतला?" दुकानदार भला माणूस. त्यानं सर्टिफिकेट पुढे केलं. त्यावर वजन, रंग, शुद्धता, पैलू सगळं होतं. खाण नव्हती. "सुरतेहून येतो, ताई," एवढंच त्याला सांगता आलं, आणि त्यात त्याची काही चूक नाही. जगातले बहुतेक हिरे पैलू पाडायला सुरतेत येतात. तिथे निरनिराळ्या देशांचा माल एकत्र झाला की कुठला कुठला, कोण सांगणार?

सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ यादवी चालली. बंडखोर हिरे विकून बंदुका घेत. त्या बदनामीनंतर २००३ पासून 'किंबर्ली प्रक्रिया' लागू झाली. कच्चे हिरे सरकारी दाखल्याशिवाय देशाबाहेर न्यायचे नाहीत. भारत पहिल्यापासून त्यात आहे. चांगलंच झालं. पण तो दाखला सांगतो एवढंच, की या मालाचा पैसा बंडखोरांना गेला नाही. खणणाऱ्याला काय मिळालं हे त्यात येत नाही. सरकारी फौजेनंच मजुरांवर गोळ्या झाडल्या, तर तेही त्या व्याख्येत बसत नाही. झिम्बाब्वेतल्या मरांगे इथे २००८ मध्ये नेमकं तेच झालं.

त्याच सिएरा लिओनमधली दुसरी एक गोष्ट. २०१७ मध्ये कोनो जिल्ह्यात इमॅन्युएल मोमोह या पाद्र्याच्या मजुरांना ७०९ कॅरटांचा हिरा सापडला. चोरून विकण्याऐवजी त्यानं तो सरकारच्या हवाली केला. पहिल्या लिलावात आलेली ७८ लाख डॉलर्सची बोली सरकारला कमी वाटली. डिसेंबरात न्यूयॉर्कला ६५ लाखच आले! तरी त्यातला निम्म्याहून जास्त पैसा त्या भागातल्या पाणी, वीज, शाळा, रस्त्यांसाठी ठेवायचं ठरलं. ठरलेलं सगळं होतंच असं नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण खाणीजवळच्या गावाचा वाटा आधीच बोलून दाखवला, हे मला मोठं वाटतं.

आणि आपलं काय? नाशिकच्या काळ्या कातळात हिरे नाहीत, पण पोकळ्यांमध्ये स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांचे देखणे स्फटिक आहेत. पांडवलेण्यांच्या बाजूच्या खाणींतला पिवळाधमक पॉवेलाइट तर जगभरचे संग्राहक हुडकत असतात. सिन्नरचं 'गारगोटी' संग्रहालय पाहिलं नसेल तर जरूर पाहा, डोळे दिपतात. हे स्फटिक मिळतात खडी फोडताना, विहिरीला सुरुंग लावल्यावर. म्हणजे पहिला हात लागतो तो सुरुंगवाल्याचा, नाहीतर पाटी उचलणाऱ्या बाईचा. मग व्यापारी, मग अमेरिकेतल्या टूसॉनसारखी प्रदर्शनं. तिथे काचेखालच्या चिठ्ठीवर खनिजाचं नाव असतं आणि खाली 'नाशिक, महाराष्ट्र, भारत'.

तुमच्यापैकी कुणाच्या शेतात विहीर खणताना असे स्फटिक निघाले असतील, तर ते कुणी नेले आणि खणणाऱ्यांना काय मिळालं, ते मला जरूर लिहा. सिन्नरकडच्या मावसभावांनी तर नक्कीच.