भिक्षू ह्युएन त्संग यांनी पाहिलेले अरण्य आणि गावकूस

चीनमधील पंडित भिक्षू ह्युएन त्संग इ. स. ६२९ मध्ये धम्मग्रंथांच्या शोधार्थ मायदेशाहून निघाले व ६४५ मध्ये ग्रंथ, मूर्ती आणि धातू घेऊन परतले. पुढल्याच वर्षी त्यांचा प्रवासवृत्तान्त बारा खंडांत सिद्ध झाला. नालंदा, बोधगया, कनौज यांविषयीची त्यांची वर्णने सर्वपरिचित आहेत. परंतु दोन राजधान्यांच्या मधली अरण्ये, फळझाडे, खेडी आणि गावकुसाबाहेर राहणारी माणसे यांविषयी या परदेशी प्रवाशाने जे नोंदविले, त्याकडे आपल्या अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. विदर्भातील वाचकांस तर हा भाग अधिक जवळचा वाटावा असा आहे.

वृत्तान्ताच्या दहाव्या खंडात ते कलिंगातून वायव्येस पर्वत व अरण्ये ओलांडून सुमारे १८०० ली अंतर चालल्यावर कोसल देशी पोहोचल्याचे सांगतात. हा कोसल म्हणजे श्रावस्तीचा नव्हे, तर दक्षिण कोसल होय. देशाभोवती पर्वतांचे वेढे आहेत, अरण्य आणि मोकळी भूमी एकापाठोपाठ एक लागतात, राजा बुद्धशासनावर श्रद्धा ठेवणारा आहे, शंभरावर संघाराम व सुमारे दहा हजार भिक्षू आहेत, असे ते लिहितात. या देशाची राजधानी कोणती, यावर दीर्घकाळ वाद झाला. कनिंगहॅम यांनी तिचा शोध चांदा-भांदक परिसरात घेतला. भद्रावतीजवळच्या विजासन टेकडीतील बौद्ध लेणी पाहता हे मत विदर्भातील उपासकांस प्रिय वाटणे स्वाभाविक आहे. तथापि छत्तीसगडमधील सिरपूर येथे १९५० नंतरच्या उत्खननांत मोठे विहार उघडकीस आले आणि अनेक विद्वानांचा कल तिकडे झुकला. भांदकचे बौद्ध महत्त्व त्यामुळे उणे होत नाही, कारण ते तेथील लेण्यांवर उभे आहे. त्याचप्रमाणे पवनी येथे १९६९-७० च्या उत्खननात सापडलेले स्तूप विदर्भातील धम्माची प्राचीनता ह्युएन त्संग यांच्याही कित्येक शतके मागे नेतात. आपल्या वारशासाठी ओढूनताणून साक्षी उभ्या करण्याचे कारण नाही.

अकराव्या खंडात महाराष्ट्राचे वर्णन येते. कोंकणपूर सोडून वायव्येस निघाल्यावर घनदाट अरण्य लागते, तेथे हिंस्र श्वापदे व दरोडेखोर प्रवाशांस पीडा देतात, आणि २४०० ते २५०० ली चालल्यानंतर महाराष्ट्र येतो, असे ते म्हणतात. येथील भूमी सुपीक, हवा उष्ण, माणसे उंच, साधी व प्रामाणिक. उपकार स्मरणारी, पण अपमान न विसरणारी. राजा होता चालुक्य पुलकेशी दुसरा. याच राजाचा ऐहोळे येथील इ. स. ६३४-३५ चा शिलालेख तीन महाराष्ट्रकांतील ९९,००० गावांचा उल्लेख करतो. आकडा प्रशस्तीचा असला तरी अरण्यांमधून विखुरलेल्या असंख्य गावांचा हा देश होता, एवढे त्यावरून दिसते.

याच प्रकरणात पूर्व सीमेवरील उंच कडे, काळोखी दरी आणि तीत अर्हत अचल यांनी निर्माण केलेला संघाराम यांचे वर्णन आहे. दाराबाहेर दोन बाजूंस दगडी हत्ती आहेत. स्थळाचे नाव दिलेले नाही. परंतु अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातील शिलालेखात स्थविर अचल यांचे नाव येते, म्हणून हे वर्णन अजिंठ्याचेच मानले जाते. दरीत विहार का, याचे उत्तर विनयात मिळते. भिक्षूंचे निवासस्थान गावापासून फार दूर नसावे आणि फार जवळही नसावे, अशी तेथील दृष्टी आहे. आरण्यक भिक्षूचा निवास गावापासून किमान पाचशे धनुष्ये अंतरावर असावा, असे मापही दिले आहे. ध्यानासाठी एकांत हवा आणि पिंडपातासाठी गाव हवे. विहार अरण्यात होता, पण त्याचे पोषण खेड्यातील शेतकरी व कारागीर करीत होते.

दुसऱ्या खंडात ते भारताची फळे मोजतात : आम्र, मधूक, बदर, कपित्थ, आमलक, तिंदुक, उदुंबर. मोह, बोर, कवठ, आवळा, टेंभुर्णी, उंबर ही त्यांची आपल्या तोंडची नावे. वर्धा शहरालगतची बोरगाव मेघे, सिंदी मेघे, पिपरी मेघे ही गावे आजही झाडांची नावे बाळगून आहेत. आता तेथे नागरी वस्ती वाढली. अरण्याची आठवण नावापुरती उरली. ते घरांचेही वर्णन करतात : गवताने वा कौलांनी शाकारलेली छपरे, चुन्याने वा मातीने लिंपलेल्या भिंती आणि शुद्धीसाठी शेण.

या शुद्धीच्या नोंदीलगतच दुसरी नोंद आहे, आणि ती आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. खाटीक, कोळी, नर्तक, वधक व सफाई करणारे यांची घरे वस्तीबाहेर असतात आणि येता-जाता त्यांना रस्त्याच्या डाव्या कडेने जावे लागते, असे ते सांगतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या आपल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात हीच साक्ष तपासली. फाहियान यांच्या चांडाळविषयक उल्लेखावरून अस्पृश्यता निश्चित सिद्ध होत नाही. ह्युएन त्संग यांचा उल्लेख मात्र केवळ चांडाळांपुरता नसून इतर समूहांसही लागू आहे, म्हणून तो अधिक निर्णायक ठरतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यावरून व इतर पुराव्यांवरून अस्पृश्यतेचा उदय इ. स. ४०० च्या सुमारास झाला, असा निष्कर्ष त्यांनी मांडला.

येथे बाबासाहेबांची पद्धती ध्यानात घेतली पाहिजे. त्यांनी श्रद्धेय भिक्षूचे वचन म्हणून ही नोंद स्वीकारली नाही. दोन प्रवाशांच्या साक्षी शेजारी ठेवून कोणती किती सिद्ध करते, हे पाहिले. या निष्कर्षाचा अर्थही मोठा आहे. ज्या प्रथेस आरंभ आहे, ती अनादी नव्हे, आणि जी अनादी नव्हे, तिचा अंत करता येतो. कार्यकारणाचा हा विचार तथागतांच्या प्रतीत्यसमुत्पादाशी सुसंगतच आहे.

म्हणून ह्युएन त्संग यांचा ग्रंथ वाचताना शंभर संघारामांची संख्या वाचून थांबू नये. ज्या देशात दहा हजार भिक्षू नांदत होते, त्याच देशात काही माणसे रस्त्याच्या कडेने चालत होती. या दोन्ही गोष्टी एकाच लेखणीने नोंदविल्या आहेत. पहिली आपला वारसा सांगते. दुसरी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर धम्मदीक्षा का आवश्यक ठरली, हे सांगते. विहारांतील अभ्यासवर्गांनी हे दोन्ही उतारे एकत्र वाचावेत, ही अपेक्षा आहे.