उपवासकाळ आणि ओवी

ईस्टरचा रविवार वसंतातील पौर्णिमेवरून ठरतो आणि शिमगा फाल्गुनी पौर्णिमेवरून. त्यामुळे वाळपईत शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या भक्तीस निघालेल्यांच्या कानी घोडेमोडणीचा ढोल बहुधा पडतोच.

ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा गोमंतकात मराठी ओवीत आणली ती एका इंग्रजाने. फादर थॉमस स्टीफन्स विल्टशर परगण्याचे. त्यांच्या जन्माच्या सुमारास, १५४९ साली, इंग्लंडच्या खेड्यांतील देवळांत लॅटिन जाऊन इंग्रजी प्रार्थनापुस्तक आले. अँग्लिकन मंडळीने उपवासकाळ राखला, कपाळी राख लावण्याचा विधी तेवढा गाळला. स्टीफन्स कॅथलिकच राहिले, रोमला जेझुइट झाले आणि १५७९ मध्ये गोव्यास आले. मौज अशी की, लोकांच्या भाषेत उपासना हे त्या प्रतिपक्षाचे तत्त्व साष्टीत त्यांनीच आचरले, असे मला वाटते. १६१६ साली रायतूर येथे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले आणि इगर्जींतून वाचले जाऊ लागले.

पुढे १६८४ साली व्हाइसरॉयने हुकूम काढला: तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. त्या पुराणाची जुनी छापील प्रत आज एकही उपलब्ध नाही. १९०७ साली मंगळुरास ते पुन्हा छापले गेले, ते हस्तलिखितांवरून. सत्तरी तर पोर्तुगीजांकडे आली अठराव्या शतकात. येथे इगर्ज आली, ओवी आली नाही.

मागच्या उपवासकाळात मी मुलांना त्यातील क्रुसाचा प्रसंग वाचून दाखविला. एकाने विचारले, "सर, हे आपल्या इगर्जीत का म्हणत नाहीत?" त्याला मी तो हुकूम सांगितला.