डिंकातील प्रोटॉनांचा हिशेब

राज्यपुनर्रचनेत १९५६ साली किनवट मुंबई राज्यात आला, बोथ आंध्र प्रदेशात गेले आणि २०१४ पासून ते तेलंगणात आहे. सीमा अशा हलत राहिल्या. अदिलाबादच्या डोंगररानांत कांडोळाच्या खोडाला खाच पाडून डिंक गोळा करण्याचा क्रम मात्र मोडला नाही. हा डिंक जुना झाला की त्याला शिरक्यासारखा आंबूस वास येतो, आणि पाण्यात घातला तर तो विरघळण्यापेक्षा फुगतोच अधिक.

वासाचे कारण सोपे आहे : रेणूला जडलेले ॲसेटिक आम्ल हळूहळू सुटत असते. डिंकाचे खरे आम्लत्व त्याहून खोल आहे. त्याचा रेणू म्हणजे शर्करांची लांबलचक साखळी. तिच्या पुष्कळ कड्या स्वतः आम्लधर्मी असतात. पाण्यात अशा कडीपासून प्रोटॉन सुटला की मागे ऋणभार उरतो. रसायनशास्त्रज्ञ पेचात पडले ते येथे. शिरक्यातील आम्लाची प्रोटॉनवरील पकड एका आकड्यात सांगता येते. अशा साखळीत अल्क घालू लागावे, तर पहिले प्रोटॉन सहज निघतात. पुढच्यांना साचलेला ऋणभार मागे ओढतो. त्यात मीठ टाकले, तर तीच ओढ सैल पडते. मग आकडा कोणता धरावा?

डेबाय आणि ह्यूकेल यांनी १९२३ साली भारित कणाभोवती विरुद्ध भाराचे वलय कसे जमते, याचे गणित मांडले. कोपनहेगनच्या लिंडरस्ट्रॉम-लांग यांनी १९२४ मध्ये ते प्रथिनांना लावले आणि प्रथिनाचा रेणू म्हणजे पृष्ठभागावर भार सारखा पसरलेला गोल, असे कल्पिले. वस्तुतः प्रथिन असे गुळगुळीत नसते; तरीही हिशेब बराचसा जुळला. लांब साखळीला मात्र गोल पुरेना. भार वाढला की कड्या एकमेकींना लोटतात, वेटोळे उलगडते आणि आकार बदलताच प्रोटॉनची पकडही बदलते. बाझेलचे व्हेर्नर कून आणि रेहोवोतचे आरोन काचाल्स्की यांनी १९४०च्या दशकात आकार व भार यांचा हिशेब एकत्र केला. डिंकाच्या फुगण्याचे मर्मही बहुतांशी त्यातच आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्‌घाटन पंडित नेहरूंनी ३ जानेवारी १९५० रोजी केले. तिचे पहिले संचालक जेम्स मॅकबेन याच कुळीच्या कोड्यात आयुष्यभर रमलेले. साबणाच्या द्रावणात समभाराचे कण पुंजके करून राहतात, हे त्यांचे म्हणणे आरंभी अनेकांना पटलेच नव्हते.

पुढे १९९०च्या दशकात हेच गणित जमिनीतील ह्यूमिक आम्लांना लावले गेले. शिसे वा कॅडमियम मातीत किती धरले जाईल आणि विहिरीच्या पाण्यात किती उतरेल, याचा अंदाज त्यावरून बांधतात. कारण ज्या जागेवरून प्रोटॉन सुटतो, त्याच जागेवर धातू येऊन बसतो.