घाटातली बारी आणि हातातली काठी

खिलाडूवृत्तीचा विषय निघाला की आपल्याकडचा बोलणारा हमखास क्रिकेटकडे वळतो. आमच्या नगर जिल्ह्यानं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरनं, श्रीरामपूरचा झहीर खान दिला, संगमनेर तालुक्यातला अजिंक्य रहाणे दिला. तेव्हा तसं वळायचा हक्क मलाही आहे. पण आज मला शर्यतीत गाडी पळवणाऱ्या माणसाबद्दल बोलायचं आहे. त्याच्या हातात स्टिअरिंग असेल, नाहीतर कासरा असेल.

आधी थोडं दूरचं सांगतो. १९५८ साली पोर्तुगालमध्ये ओपोर्तो शहराच्या रस्त्यांवर फॉर्म्युला वन मोटारींची शर्यत झाली. स्टर्लिंग मॉस हा इंग्रज ड्रायव्हर पहिला आला. दुसरा आला माइक हॉथॉर्न, तोही इंग्रज आणि त्या वर्षीच्या जगज्जेतेपदासाठी मॉसचा थेट प्रतिस्पर्धी. शर्यत संपता संपता हॉथॉर्नची गाडी गिरकी घेऊन बंद पडली होती. ती चालू करण्यासाठी त्यानं ती उलट्या दिशेनं नेली, म्हणून त्याला बाद करण्याची तयारी पंचांनी केली. मॉसनं फक्त गप्प राहायचं होतं. तो आपण होऊन पंचांपुढे गेला आणि म्हणाला, मी पाहिलं आहे, गाडी उलटी गेली ती शर्यतीच्या रस्त्यावर नव्हे, कडेच्या पदपथावर. हॉथॉर्नचं दुसरं स्थान राहिलं आणि त्याचे सात गुणही राहिले. वर्षाअखेर हिशेब झाला तेव्हा हॉथॉर्नचे ४२ गुण होते आणि मॉसचे ४१. त्या वर्षी मॉसनं चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्ननं एक. मॉस पुढे कधीही जगज्जेता झाला नाही.

दुसरं टोक १९९० सालचं. जपानमधल्या सुझुका इथं आयर्टन सेनानं पहिल्याच वळणावर अ‍ॅलन प्रॉस्टच्या गाडीवर गाडी घातली. दोघेही शर्यतीतून बाहेर फेकले गेले आणि गुणांच्या हिशेबात सेना जगज्जेता ठरला. आदल्या वर्षी त्याच मैदानावर दोघांची टक्कर होऊन सेना बाद झाला होता, विजेतेपद प्रॉस्टला गेलं होतं. त्याचा सल सेनाच्या मनात होता. ही टक्कर आपण जाणूनबुजून केली, हे त्यानं वर्षभरानं कबूल केलं. मायकेल शूमाकरनं १९९७ साली असाच प्रकार केला. त्याचा डाव फसला आणि त्या मोसमातलं त्याचं दुसरं स्थानही काढून घेण्यात आलं. तरीही मॉस, सेना आणि शूमाकर, तिघांनाही लोक थोर म्हणतात. मीही म्हणतो.

आता तुम्ही म्हणाल, पारनेरच्या पठारावरच्या माणसाला सुझुकाचं काय पडलं आहे? पडलं आहे, कारण शर्यत आमच्याही रक्तात आहे. पारनेर, संगमनेर, अकोले या आमच्या पट्ट्यात आणि पलीकडे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर भागात गावच्या यात्रेला बैलगाडा पळतो. सातारा-सांगलीकडे हलक्या छकड्यावर माणूस बसतो आणि त्याला चक्क ड्रायव्हर म्हणतात. विदर्भातल्या शंकरपटात धुरकरी असतो. आमच्याकडे घाट असतो, म्हणजे चढाची आखलेली धाव. गाड्याला चार बैल, मागची जोडी धुरेला आणि पुढची जुकाटाला. त्यांच्यापुढे घोडी आणि घोडीवर स्वार. गाड्यात कुणी बसत नाही. बैल सोडले, की काही सेकंदांत बारी संपते आणि सेकंदाच्या अपूर्णांकावर नंबर ठरतो.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. घाटात एका वेळी एकच गाडा पळतो. प्रतिस्पर्धी शेजारी नसतोच, असतं फक्त घड्याळ. सेनाला धडक द्यायला प्रॉस्ट तरी होता. प्रॉस्टही सगळा धोका माहीत असूनच गाडीत बसला होता. आमच्या घाटात कुणाला आडवं जाणार? कसंही करून जिंकायचंच अशी ईर्षा एकदा माणसाच्या अंगात शिरली, की ती उतरायला एकच जागा उरते, ती म्हणजे बैलाची पाठ.

मी लहान असताना आमच्या दावणीला खिलार बैलांची जोडी होती. एका यात्रेत आमचा गाडा पळायचा होता. बक्षीस होतं फेटा, नारळ आणि थोडी रोख रक्कम. बैल सोडायच्या जागी गर्दी उसळली होती. भावकीतल्या एकानं मला हाक मारली, ‘‘ए पोरा, ती पराणी दे इकडं.’’ पराणी म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी. मी धावत जाऊन दिली. आपल्याला काम सांगितलं याचाच केवढा अभिमान! दुसऱ्यानं एका बैलाची शेपटी पिरगळली आणि दातांत धरून चावली. आम्ही पोरं खदखदा हसलो. बारी झाली, नंबर आला, गुलाल उधळला. रात्री कंदिलाच्या उजेडात आजोबा त्या बैलाच्या मागच्या अंगाला हळद-तेल लावत बसले होते. बैल शेपटीला हात लावू देत नव्हता. मी जवळ गेलो तेव्हा आजोबांनी विचारलं, ‘‘पराणी कुणी दिली?’’ मी बोललो नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी गाडा जुंपला नाही. भावकीत त्यावरून बरंच वाजलं, तो भाग सोडून देतो.

हे आमच्याच गावात होत होतं असं नाही. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारनं अधिसूचना काढून बैलाचा समावेश प्रदर्शनासाठी किंवा खेळासाठी वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत केला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ७ मे २०१४ रोजी तमिळनाडूच्या जल्लीकट्टूबरोबर आमच्या शर्यतींवरही बंदी आली. शेपट्या पिरगळणं, चावणं, टोचणं, मारणं, सगळं न्यायालयापुढे आलं होतं. बैलाची शरीररचना घोड्यासारखी शर्यतीसाठी नाही, असंही न्यायालयानं म्हटलं. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रानं सशर्त परवानगी दिली, पण पाच दिवसांतच तिला स्थगिती मिळाली. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं स्वतःचा कायदा केला, तोही न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम परवानगी दिली तेव्हा घाट पुन्हा उघडले. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला.

मधली सात वर्षं आमच्या भागात फार कडवटपणे बोललं गेलं. शहरातल्यांना बैल काय कळतो, असं लोक म्हणत. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. नांगरट ट्रॅक्टरनं गिळली. अकोल्याचा डांगी बैल भाताच्या चिखलात अजून उपयोगी पडतो, पण काटक, चपळ खिलार सांभाळायला शर्यत हेच मोठं कारण उरलं होतं. शर्यत गेली तर खिलार जाईल ही भीती खरीच होती. पोटच्या पोरासारखा बैल जपणारे, त्याला आधी चारून मग स्वतः जेवणारे गाडामालक मी पाहिले आहेत. पण त्या सात वर्षांत एक वाक्य मला गावच्या पारावर क्वचितच ऐकू आलं: ही बंदी आपण आपल्या हातानं ओढवून घेतली. पराणी काही शहरातून आली नव्हती. ती आपल्याच माणसांच्या हातात होती, आणि ज्याच्या हातात नव्हती त्यानं ती पाहूनही पंचांना काही सांगितलं नाही. मॉस पंचांपुढे गेला तो प्रतिस्पर्ध्यासाठी. आमच्यातला कुणी आपल्याच बैलासाठी गेला नाही.

२०१७ च्या कायद्यात बैलाचा छळ करणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. शर्यतीआधी पशुवैद्यक बैल तपासतो. काठी, चाबूक, विजेचा धक्का, सगळ्याला मनाई आहे. बक्षिसं मात्र फेटा-नारळावर राहिली नाहीत. मोटारसायकल, ट्रॅक्टर, कुठे कुठे चारचाकीसुद्धा असते. बक्षीस वाढलं की हात शिवशिवतात, हे काही मला नव्यानं सांगायला नको.

घाट पुन्हा सुरू झाल्यावर एका यात्रेला मी मुद्दाम गेलो. घाटाच्या कडेला माणसांची भिंत उभी होती, भंडारा उधळला जात होता. भोंग्यावरून पुकारणारा दर बारीआधी बजावत होता, ‘‘मंडळी, काठ्या खाली ठेवा, बैलाला हात लावू नका, शर्यत पुन्हा बंद पाडू नका.’’ बहुतेकांचे हात मोकळे होते, ते बघून बरं वाटलं. एका गाड्यामागे मात्र एकजण सदऱ्याची लांब बाही मुठीत धरून उभा होता. बाहीत काय होतं कोण जाणे, कदाचित काहीच नसेल. शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुकारणाऱ्याच्या मांडवाकडे चालायला लागला. मीही त्याच्यामागे निघालो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)