मेहेरबाईंचा हिरा आणि दानाच्या चार कसोट्या

दशलक्षण पर्वात सातव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय वाचला जातो. त्याचं शेवटचं सूत्र दानाबद्दल आहे. दानाचं फळ कमी-जास्त होतं ते विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चार गोष्टींमुळे, असा त्याचा आशय. रकमेचा त्यात उल्लेखच नाही. आपल्या बायकांना ही चार नावं तोंडपाठ असतात. पण पूजेचे सवाल सुरू झाले की कानावर पडतो तो आकडा, आणि आकड्यापुढे घरातल्या पुरुषाचं नाव.

या चार कसोट्या मला आपल्या समाजाबाहेरच्या एका दानाला लावून बघायच्या आहेत. ते दान एका पारशी घराण्याचं, मुंबईच्या टाटांचं. धर्म वेगळा, पण व्यापारी घर, समाज छोटा आणि दानाची परंपरा जुनी, एवढं साम्य आपल्याशी आहेच. आपल्या माणसांपुरतं सुरू झालेलं या घराचं दान चाळीस वर्षांत समुद्रापार कसं गेलं, हे बघण्यासारखं आहे.

सुरुवात जमशेटजी टाटांनी केली. १८९२ मध्ये त्यांनी परदेशी जाऊन उच्च शिक्षण घेणाऱ्यांसाठी एक निधी काढला. आधी तो फक्त पारशी मुलांसाठी होता, दोनच वर्षांत तो सगळ्या भारतीयांना खुला झाला. पैसे फुकट नव्हते, कर्जाऊ होते. शिकून आलेल्याने ते फेडायचे, म्हणजे त्यातून पुढचा शिकेल. या निधीच्या पहिल्या मानकरी दोघी बाया होत्या, दोघीही डॉक्टर. एक फ्रेनी कामा आणि दुसऱ्या कृष्णाबाई केळवकर. या कृष्णाबाई म्हणजे आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांनी काम केलं. ज्या काळात बाळंतपणात बाई दगावली तर नशीब म्हणून गप्प बसायचे, त्या काळात आपल्या भागातल्या बायकांना शिकलेली बाई डॉक्टर मिळाली, त्यात एका पारशी कापड गिरणीवाल्याचा वाटा होता. मुंबईच्या पैशाला कोल्हापूरही तेव्हा परमुलूखच होता.

पुढची पायरी धाकटे चिरंजीव रतनजी यांची. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींचा लढा चालू होता तेव्हा १९०९ मध्ये त्यांनी पंचवीस हजार रुपये पाठवले, आणि पुढे वेळोवेळी मिळून ती रक्कम सव्वा लाखावर गेली. तिथले हिंदी लोक काही टाटांचे नातलग नव्हते. त्यानंतर १९१२ मध्ये त्यांनी आणखी वेगळं केलं. गरिबी का येते आणि ती हटवता कशी येईल याचा अभ्यास व्हावा म्हणून लंडन विद्यापीठाला दरसाल १४०० पौंड द्यायला सुरुवात केली. त्यातून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रतन टाटांच्या नावाने काम उभं राहिलं. इंग्लंडमधल्या कामगारांची मजुरी, त्यांची घरं, त्यांची उपासमार यांचा अभ्यास तिथे झाला. साहेबाच्या देशातली गरिबी अभ्यासायला पैसा गेला तो साहेबाच्याच राज्यातल्या एका हिंदी माणसाचा! देणारा वर आणि घेणारा खाली, ही आपल्या डोक्यातली उतरंड इथे उलटी झाली.

रतनजी १९१८ मध्ये इंग्लंडमध्येच वारले. त्यांच्या मागे पत्नी नवाजबाई पुढची सत्तेचाळीस वर्षं होत्या. नवऱ्याच्या नावाचं दान त्यांनी सांभाळलंच, शिवाय गरजू पारशी बायकांना शिवण आणि स्वयंपाकाच्या कामातून चार पैसे मिळावेत म्हणून १९२८ मध्ये मुंबईत जी संस्था निघाली, ती उभी करण्यात नवाजबाई आणि त्यांची मोठी जाऊ मेहेरबाई, दोघी पुढे होत्या.

या मेहेरबाई म्हणजे थोरले चिरंजीव दोराबजी यांच्या पत्नी. माहेरच्या भाभा, शास्त्रज्ञ होमी भाभांच्या आत्या. वडील म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते, त्यामुळे बालपण बंगळूर-म्हैसूरकडे गेलं. १८९८ मध्ये लग्न झालं. साडी नेसून टेनिस खेळायच्या आणि बक्षिसं मिळवायच्या. १९२५ मध्ये बायकांची राष्ट्रीय परिषद उभी राहिली, त्यात त्यांचा पुढाकार होता. १९२७ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या बॅटल क्रीक कॉलेजात त्या हिंदी स्त्रियांबद्दल बोलल्या. मुलींच्या बालविवाहाविरुद्ध कायदा व्हावा म्हणून त्या झटत होत्या, आणि १९२९ मध्ये सारडा कायदा झाला.

दोराबजींनी त्यांना एक हिरा घेतला होता, ज्युबिली नावाचा. दक्षिण आफ्रिकेतल्या यागर्सफाँटेनच्या खाणीत १८९५ मध्ये सापडलेला, पैलू पाडल्यावर २४५ कॅरटचा. आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. १९२४ मध्ये जमशेदपूरचा पोलाद कारखाना अडचणीत आला. बाहेरून स्वस्त पोलाद येत होतं, आणि पगार द्यायलाही पैसा नाही अशी वेळ आली. तेव्हा दोराबजींनी आपली सुमारे एक कोटी रुपयांची खाजगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे गहाण टाकली. त्यात मेहेरबाईंचे दागिने होते, हा हिराही होता. कारखाना वाचला.

पण १९३१ च्या जूनमध्ये मेहेरबाई वेल्समधल्या एका आरोग्यधामात रक्ताच्या कर्करोगाने, म्हणजे ल्युकेमियाने गेल्या. वय अवघं एक्कावन्न. पैसा होता, युरोपातले डॉक्टर होते, औषध मात्र जगात कुणाकडेच नव्हतं. मूलबाळ नव्हतं. दोराबजींनी १९३२ च्या वसंतात दोन ट्रस्ट केले. एकात आपली जवळजवळ सगळी मालमत्ता घातली, आणि तिचा उपयोग करताना देश, वंश, धर्म असा भेद करू नये असं लिहून ठेवलं. दुसरा पत्नीच्या नावाचा, लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट. त्याच्या उत्पन्नाचे पाच वाटे केले. चार वाटे जगात कुठेही ल्युकेमियावर संशोधन करणाऱ्यांसाठी, आणि पाचवा वाटा रोगाचं दुःख हलकं करणाऱ्या भारतातल्या संशोधनासाठी. त्याच जूनमध्ये, पत्नीच्या समाधीला जायला निघाले असताना, वाटेत जर्मनीत दोराबजी वारले. पुढे तो हिराही विकला गेला आणि त्याचे पैसे ट्रस्टच्या कामाला लागले.

आता कसोट्या.

पहिली विधीची, म्हणजे देण्याच्या रीतीची. इथे ती चोख आहे. एकदा देऊन टाकलं आणि विसरलं असं नाही. मूळ रक्कम तशीच ठेवायची, व्याज दरवर्षी द्यायचं, आणि कोणाला द्यायचं ते दात्याच्या घरच्यांनी न ठरवता त्या विषयातल्या जाणकारांनी ठरवायचं. दिल्यानंतर त्यावरची मालकी सोडणं हाच त्यागाचा खरा भाग. आपल्याकडे खोली बांधून दिली तरी तिची किल्ली दात्याच्या घरी असते, हे आपण पाहतोच.

दुसरी पात्राची. 'घरात अंधार असताना परक्याच्या दारात दिवा कशाला?' हा प्रश्न त्या काळीही कुणाला पडला असेल. देश गुलामीत, दुष्काळ आणि साथी चालू, आणि चार वाटे परदेशी संशोधनाला? पण ल्युकेमियावर काम करू शकतील अशा प्रयोगशाळा तेव्हा मुख्यतः युरोप-अमेरिकेत होत्या. आणि ज्ञान जिथे तयार होतं तिथेच राहत नाही. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना एका औषधाने काही काळ तरी बरं वाटतं हे दाखवलं. ते औषध अमेरिकेतल्या ज्या प्रयोगशाळेत तयार झालं, तिथले प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. हे काम लेडी टाटांच्या पैशातून झालं असं मी म्हणत नाही. सांगायचं एवढंच की औषधाला गाव नसतं. आज चांगल्या रुग्णालयात ल्युकेमियाची बहुतेक मुलं बरी होतात, त्यात आपली मुलंही असतात. शिवाय दोराबजींच्या मोठ्या ट्रस्टने देशाकडे पाठ फिरवली नाही. १९३६ मध्ये समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था आणि १९४१ मध्ये परळचं टाटा हॉस्पिटल त्याच पैशातून उभं राहिलं. आमच्या बेळगाव भागातून मुंबईला रात्रीच्या गाडीने फायली घेऊन जाणारे किती तरी जण तिथेच जातात. आदिपुराणात जिनसेनाचार्यांनी दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यातली समदत्ती आपल्यासारख्यांना द्यायची, अन्वयदत्ती वारसाला. दयादत्ती मात्र दुःखी जिवाला द्यायची, तिथे त्याचं कूळ विचारायचं नाही. वारस नसलेल्या या जोडप्याची अन्वयदत्ती सगळीच्या सगळी दयादत्ती झाली.

तिसरी दात्याची. इथे मी थोडी अडखळते. ट्रस्टवर नाव मेहेरबाईंचं, पण तो केला नवऱ्याने, त्या गेल्यावर. आणि तरी त्यांचं नाव तिथे शोभेपुरतं नाही. ज्या आजाराने त्या गेल्या त्याच आजारासाठी तो पैसा आहे, आणि त्यात त्यांच्या अंगावरचा हिरा आहे. बाईचा दागिना म्हणजे तिची अडीअडचणीची शिदोरी. तो आधी कारखान्यासाठी गहाण पडला आणि मग परक्यांच्या औषधासाठी विकला गेला. आपल्या समाजातही हे घडलेलं आहे. मोत्यांचे व्यापारी सेठ माणिकचंद हिराचंद यांची कन्या मगनबाई लहान वयात विधवा झाल्या आणि त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम चालवला. अत्तिमब्बे तर हजार वर्षांपूर्वीची, शांतिपुराणाच्या हजार प्रती लिहवून वाटणारी, आणि लक्कुंडीचं जिनालय बांधणारी. दानचिंतामणी ही पदवी लोकांनी तिला तिच्या स्वतःच्या नावावर दिली. मग आपल्या मंदिरांतल्या फरशांवर बायकांची नावं 'यांच्या पत्नी' एवढीच का, हे आपणच विचारायला हवं.

चौथी द्रव्याची, आणि हीच सगळ्यात अवघड. पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतात श्रावकाच्या गुणांची यादी सुरू होते ती न्यायाने मिळवलेल्या धनापासून. जमीन फोडून, खाणी खणून पोट भरणं श्रावकाला वर्ज्य सांगितलं आहे. म्हणजे हिरा काय आणि पोलाद काय, आपल्या शास्त्राच्या दारातच अडतील. पण त्याहून जवळची गोष्ट मुळशीची. मुंबईला वीज मिळावी म्हणून टाटांच्या वीज कंपनीने मुळशी खोऱ्यात धरण बांधायला घेतलं. सरकारने कायद्याने मावळ्यांच्या जमिनी घेऊन कंपनीला दिल्या. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. बापटांना सेनापती म्हणू लागले ते तिथूनच, आणि त्यांनी त्यासाठी दीर्घ तुरुंगवास भोगला. बायकाही उतरल्या. तरी धरण झालं आणि भातखाचरं पाण्याखाली गेली. ज्या सुमारास हिरा बँकेत गहाण पडला, त्याच सुमारास मुळशीच्या बाईची चूल आणि तिची जमीन जात होती. तिला कोणत्या ट्रस्टच्या पाच वाट्यांत वाटा होता?

काहीजणी म्हणतील, उद्योग म्हटलं की हे आलंच, आणि दान केलं ना पुढे. मला हे पटत नाही. दान हे घेतलेल्याची फेड नसते. ज्याचं घेतलं त्याला परत करणं हा न्याय, आणि तो झाल्यावर उरलेल्यातून देणं हे दान. दूरच्या रोग्याला दिलेलं औषध मुळशीच्या शेताची भरपाई करत नाही. पण म्हणून ते औषध खोटंही ठरत नाही. दोन्ही हिशेब वेगवेगळ्या वहीत लिहायचे, एकाने दुसरा खोडायचा नाही.

हे फक्त टाटांना लागू आहे असं नाही. आपल्याही समाजातली मुलं आता दुबईत, लंडनमध्ये, अमेरिकेत उद्योग करतात. तिकडे शाळांना, रुग्णालयांना देणग्या देतात, आणि त्याचे फोटो इकडे आपल्याला कौतुकाने दाखवले जातात. कौतुक जरूर करावं. त्याच वेळी एवढं विचारावं की कारखान्यातल्या, दुकानातल्या माणसाचा पगार वेळेवर होतो का, शेतकऱ्याच्या मालाचं वजन बरोबर होतं का. घरच्या बाईला हे विचारण्याचा अधिकार आहे, कारण त्या पैशाचं जेवण तीच वाढते.

आणि महिला मंडळांसाठी एक साधी सूचना. आपला दाननिधी बहुतेक सगळा आपल्याच मंदिराला, आपल्याच बोर्डिंगातल्या मुलांना, आपल्याच विहारातल्या त्यागींना जातो. तो जायलाच हवा. पण मेहेरबाईंच्या ट्रस्टचे वाटे उलटे करून बघू. चार वाटे आपल्यांना, आणि निदान पाचवा वाटा अशा कुणाला, ज्याचं नाव, जात, भाषा आपल्याला माहीत नाही. परळच्या हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर बसलेल्या आसाम-बिहारच्या रोग्याला द्या, नाहीतर आपल्याच जिल्हा रुग्णालयातल्या अनोळखी बाळंतिणीला. पुढच्या दशलक्षणात त्यागाच्या दिवशी मंडळाच्या बैठकीत हा ठराव मांडावा, आणि वहीत तो पाचवा वाटा देणाऱ्या बाईच्या स्वतःच्या नावाने लिहावा.